मेन स्विच बंद झाल्यानंतर

इमारतीत आग लागली की जाणता माणूस सर्वांत आधी मेन स्विचकडे धावतो. ते बरोबरच आहे. जळत्या भिंतीतल्या तारांमध्ये वीज असेल तर पाणी मारणाऱ्याच्याच जिवावर बेतते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी 15 मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी तसे बंधनच घातले आहे: वीज जिथे इमारतीत शिरते तिथे, सहज दिसेल अशा जागी आणि जमिनीपासून 1.70 मीटरपेक्षा उंच नसलेल्या ठिकाणी, सगळ्या इमारतीचा पुरवठा तोडणारे साधन हवे. अडचण त्यानंतर सुरू होते. दांडा खाली ओढला की दिवे, पंखे, एसी बंद होतात. आग विझवणाऱ्या पंपाची केबल त्याच मेनच्या पुढे जोडलेली असेल, तर पंपही बंद होतो. टाकी भरलेली, पाइप लाल रंगवलेले, होज रील भिंतीवर टांगलेली. आणि नळीतून चार थेंब पडून पाणी थांबते.

हे पुस्तक त्या एका केबलविषयी आहे. वीज पंपापर्यंत कुठून यावी, कोणत्या मार्गाने यावी, वाटेत तिला काय अडवू शकेल, ती आलीच नाही तर पंप कशावर चालेल, आणि हे सगळे ठीक आहे याची खात्री कोणी, केव्हा, कशी करायची, एवढाच त्याचा आवाका. ते गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या वायरमन, पर्यवेक्षक, ठेकेदार, रुग्णालयांचे प्रशासक, वसतिगृहांचे अधीक्षक आणि इमारतीची किल्ली ज्यांच्या हातात असते त्या सर्वांसाठी लिहिले आहे. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींसाठी अशी माहिती मिळते. जंगलातून येणाऱ्या वीजवाहिनीच्या टोकाला असलेल्या दोन-तीन मजली रुग्णालयासाठी ती मराठीत क्वचितच कोणी मांडली आहे. म्हणून या प्रस्तावनेत विषयाची ओळख करून देताना मी आपल्याच मुलखातली परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवली आहे.

आधी कायदा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला. आगीपासून संरक्षणाची व्यवस्था करण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशी दोनदा, परवानाधारक संस्थेकडून व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करावे लागते. कोणत्या इमारतीला काय लागते, हे राष्ट्रीय इमारत संहितेच्या, म्हणजे एनबीसी 2016 च्या, चौथ्या भागात सांगितले आहे. लहान इमारतीत गच्चीवरच्या टाकीजवळ मिनिटाला 450 किंवा 900 लिटर पाणी देणारा पंप पुरतो. मोठ्या इमारतीत मिनिटाला 2280 लिटरचा एक विजेचा आणि तेवढ्याच क्षमतेचा एक डिझेलचा पंप लागतो. पाइपातला दाब टिकवून धरायला 180 लिटरचा छोटा जॉकी पंप वेगळा. पंप कसे बसवायचे आणि सांभाळायचे याचे भारतीय मानक आयएस 15301 हे आहे.

हे सगळे कागदावर नीट असते. तरीही पंपाचा वीजपुरवठा दोन खात्यांच्या मधल्या जागेत पडतो. अग्निशमन अधिकारी टाकी, पाइप, व्हॉल्व्ह आणि दाब पाहतो. विद्युत निरीक्षक अर्थिंग, इन्सुलेशन, ब्रेकर पाहतो. महावितरणचे काम मीटरपाशी संपते. प्रत्येकाची तपासणी आपापल्या जागी खरी असते. पण ‘मेन बंद केल्यावर पंप चालतो का?’ हा प्रश्न ज्याच्या कामाच्या यादीत नक्की लिहिलेला आहे, असा माणूस सहसा सापडत नाही. पाण्याचा माणूस विजेला हात लावत नाही आणि विजेचा माणूस आगीचा विचार करत नाही. या पुस्तकाचे पहिले प्रयोजन या दोघांना एकाच पॅनेलसमोर उभे करणे हे आहे.

तिथे उभे राहिल्यावर वायरमनला सर्वांत आधी आपलाच जुना धडा बाजूला ठेवावा लागतो. वायरिंग शिकताना त्याच्या मनावर ठसवलेले असते की मोटर जळू द्यायची नाही. भार वाढला की ओव्हरलोड रिले सुटला पाहिजे. व्होल्टेज पडले की स्टार्टरने हात सोडला पाहिजे. शेतातल्या मोटरला हे अगदी योग्य आहे, कारण मोटर वाचली तर उद्या पाणी देता येते. आगीच्या पंपाला उद्या नसतो. आत माणसे अडकलेली असताना मोटर तापली म्हणून आपणहून बंद पडली, तर तिने स्वतःला वाचवले आणि माणसांना सोडले. म्हणूनच विमा क्षेत्रासाठी टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीने घालून दिलेल्या नियमांत पंपाच्या ब्रेकरवर ओव्हरलोड आणि नो-व्होल्ट संरक्षण ठेवू नये असे सांगितले गेले. अमेरिकेच्या विद्युत संहितेने यासाठी स्वतंत्र प्रकरण, 695 वे, राखून ठेवले आहे. पंप अडकून मोटर फिरेनाशी झाली तरी तिला लागणारा प्रवाह ब्रेकरने वाहू द्यावा, असे ते म्हणते. शॉर्टसर्किट झाले तरच पुरवठा तुटावा. बाकी कशानेही नाही. मोटर जळाली तर नवी आणता येईल, हा विचार त्या नियमामागे आहे, आणि तो वायरमनला पटल्याशिवाय नियम पाळला जाणार नाही. न पटलेला वायरमन पुढच्या दुरुस्तीत चांगल्या हेतूनेच तिथे ओव्हरलोड रिले बसवून जातो.

आता आकडे पाहू. मिनिटाला 2280 लिटर म्हणजे सेकंदाला 38 लिटर. एवढे पाणी 70 मीटरच्या दाबाने द्यायचे तर पाण्यालाच सुमारे 26 किलोवॉट शक्ती लागते. पंपातली घट धरली की ती 40 च्या घरात जाते. ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी मागितले गेले तरी मोटर कमी पडू नये असा नियम असल्याने, मोटर 45 किलोवॉटची, म्हणजे साधारण 60 हॉर्सपॉवरची घ्यावी लागते. ती चालू असताना 80 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. पण थेट सुरू करताना पहिल्या काही सेकंदांत ती सहापट, म्हणजे पावणेपाचशे अँपिअरच्या आसपास ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टरने हा ओढा एक तृतीयांशावर येतो. मोटरचा सुरुवातीचा जोरही तेवढाच घटतो. जनरेटर विकत घेताना बहुतेकदा चालू भाराची बेरीज केली जाते आणि हा पहिला झटका हिशेबातून सुटतो. मग ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभाग जनरेटरवर सुरळीत चालतात आणि पंपाचे बटण दाबताच जनरेटर दबतो. आपत्कालीन भार चालू असतानाच पंप सुरू करून दाखवणारा जनरेटर हवा, हा नियम त्यासाठी आहे.

आपल्या भागात यात कमी व्होल्टेजची भर पडते. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 415 च्या जागी 332 व्होल्ट मिळाले, म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्शाने कमी झाले, तर जोर 64 टक्क्यांवर येतो. मोटर गुरगुरते, पूर्ण वेग घेत नाही आणि त्याच वेळी जास्त प्रवाह ओढत राहते. त्या ओढ्याने लांबच्या बारीक केबलमध्ये व्होल्टेज आणखी पडते. कॉन्टॅक्टर थडथडतो आणि सुटतो. अमेरिकेची संहिता सांगते की सुरू होतानासुद्धा पंपाच्या कंट्रोलरपाशी व्होल्टेज 15 टक्क्यांपेक्षा जास्त पडू नये. हा आकडा गाठायचा तर मीटरपासून पंपापर्यंतच्या केबलची जाडी चालू भारावरून न ठरवता सुरुवातीच्या झटक्यावरून ठरवावी लागते. डीपीपासून लांब, आवाराच्या कोपऱ्यात पंपघर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे गणित आधी मांडावे. खर्च थोडा वाढतो. पण नंतर केबल बदलण्यापेक्षा तो नक्कीच कमी असतो.

तीन फेजची गोष्टही इथे वेगळी सांगितली पाहिजे. दिवे लागले म्हणजे वीज आहे, असे आपण मानतो. पण एक फेज गेलेला असतानाही काही दिवे लागतात आणि तीन फेजची मोटर मात्र सुरू होत नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. वादळात झाड पडून तार तुटते, लाइनमन भर पावसात ती जोडून पुरवठा सुरू करतो आणि जोडताना दोन फेज अदलाबदल होतात. घरातल्या दिव्या-पंख्यांना त्याचा काही फरक पडत नाही. तीन फेजची मोटर मात्र उलटी फिरू लागते. पंपाचा आवाज येतो, दिवा लागतो, मीटर फिरतो. पाणी मात्र ठरल्यापेक्षा फारच कमी येते. शेतकऱ्याच्या हे लगेच लक्षात येते, कारण त्याला रोज पाणी हवे असते. आगीचा पंप महिनोन्‌महिने गप्प असतो, म्हणून ही चूक आगीच्या दिवसापर्यंत लपून राहते. वाहिनीची प्रत्येक मोठी दुरुस्ती झाल्यावर पंप चालवून त्याची फिरण्याची दिशा पाहणे हा नियम आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॉट क्षमतेचे आहे. तिथून पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी राज्याच्या दुसऱ्या टोकाला वीज नेते. वीजनिर्मिती शेजारी असली की पुरवठा भरवशाचा होतो, असे मात्र नाही. भरवसा ठरतो तो शेवटच्या टप्प्यात, म्हणजे जंगलातून जाणाऱ्या 33 आणि 11 केव्हीच्या वाहिन्यांवर. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाचा. मृगाचा वारा सुटला, वीज कडाडली, फांदी तारेवर आली की एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूला बिघाड शोधत लाइनमनला रानातून फिरावे लागते. मोठ्या शहरात दोन वेगळ्या उपकेंद्रांतून दोन पुरवठे घेता येतात. इथे दुसरी वाहिनी बहुधा त्याच रानातून, कधी त्याच खांबांवरून येते. तेव्हा दुसरा स्रोत इमारतीच्या आवारातच असावा लागतो, आणि तो महावितरणच्या तारेवर अवलंबून नसावा. पंपाला थेट जोडलेले डिझेल इंजिन हा त्याचा सर्वांत सरळ मार्ग. त्याला ना जनरेटर लागतो, ना चेंजओव्हर, ना लांब केबल. राष्ट्रीय इमारत संहिता मोठ्या इमारतीसाठी विजेच्या पंपाशेजारी डिझेल पंप मागते, त्यामागचे कारण आपल्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. पावसाळ्यात ते रोज दिसते.

डिझेल इंजिनाचा कमकुवत भाग म्हणजे त्याची बॅटरी. इंजिन पेटवायला वीज लागते, आणि ती वीज बॅटरीत असेल तरच पुढचे सगळे. बॅटरी भारित ठेवणारा चार्जर कोणीतरी मोबाइल लावायला काढलेला, बॅटरीच्या टोकांवर पांढरा क्षार साचलेला, टाकीत तळाशी पाणी आणि वर जुने डिझेल, अशा साध्या कारणांनी इंजिन हटून बसते. म्हणून बॅटरीचे दोन संच ठेवण्याची आणि आठवड्यातून एकदा इंजिन चालवण्याची पद्धत जगभर आहे. ‘चालवणे’ म्हणजे बटण दाबून लगेच बंद करणे नव्हे. इंजिन पुरते तापेपर्यंत, अर्धा तास तरी, ते चालले पाहिजे. आणखी एक तत्त्व: दाब कमी झाला की पंप आपोआप सुरू व्हावा, पण बंद मात्र माणसाने तिथे जाऊन हातानेच करावा. आग विझली की नाही हे ठरवण्याची बुद्धी प्रेशर स्विचला नसते.

दोन स्रोत असले म्हणजे काम संपले, असेही समजू नये. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 23 फेब्रुवारी 1991 च्या रात्री वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीच्या 22 व्या मजल्यावर आग लागली. तिथे मुख्य पुरवठ्याची आणि राखीव पुरवठ्याची केबल एकाच शाफ्टमधून वर गेली होती. आग त्या शाफ्टपर्यंत पोहोचली आणि दोन्ही एकदमच गेल्या. जनरेटरही चालला नाही. सगळी इमारत अंधारात गेली. लिफ्ट, दिवे, पंप, काहीच उरले नाही. पाण्याचा दाब ठरवणारे व्हॉल्व्ह नीट लावलेले नसल्याने जवानांच्या नळ्यांनाही जोर नव्हता. तीन जवान गेले आणि आग सुमारे 19 तास पेटत राहिली. शेवटी ती अडली 30 व्या मजल्यावर, तिथल्या दहा स्प्रिंकलरमुळे. आणि त्यांना पाणी मिळत होते ते रस्त्यावर उभ्या असलेल्या अग्निशमन गाड्यांच्या पंपांकडून. गडचिरोलीत 38 मजली इमारत नाही, पण ही चूक दोन मजल्यांच्या इमारतीतही तितकीच सहज होते. महावितरणची केबल आणि जनरेटरची केबल एकाच डक्टमधून, एकाच ट्रेवर, त्याच स्टोअररूमच्या छतावरून नेली की दोन स्रोतांचा एकच स्रोत होतो. पंपाची केबल शक्यतो इमारतीच्या बाहेरून, जमिनीखालून जावी. आत शिरावीच लागली तर आगीत ठरावीक वेळ टिकणारी असावी.

इथल्या उन्हाळ्याचा आणि पुराचाही विचार हवा. केबलचे तक्ते आणि मोटरवरची क्षमता सहसा 40 अंशांची हवा गृहीत धरतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छपराखालचे पंपघर त्याहून तापते. साध्या पीव्हीसी केबलच्या तांब्याने किंवा ॲल्युमिनियमने 70 अंशांच्या वर जाऊ नये, अशी तिची रचना असते. तिला श्वास घ्यायला इथे जागाच कमी उरते. तेव्हा एक माप मोठी केबल घेणे ही चैन नाही. पावसाळ्यात उलटे. पर्लकोटा नदीचे पाणी चढले की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षे पाहतो. अशा गावात पंपघराचे जोते माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या वर हवे, पॅनेल त्याहूनही वर, आणि मोटर ओलसर हवेत कोरडी राहावी म्हणून आत छोटा हीटर हवा. पॅनेलची भोके बुजवलेली हवीत. मुंग्या, पाली आणि उंदीर कॉन्टॅक्टरमध्ये घर करतात.

वैनगंगा नदीच्या काठच्या भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात आग लागली आणि दहा बाळे गेली. त्याच वर्षी 23 एप्रिलला विरारच्या आणि 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागांत आग लागून रुग्ण दगावले. त्यानंतर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचा विषय राज्यात सर्वांच्या तोंडी आला. या घटनांचा उल्लेख मी जबाबदारीने करतो. अशा आगीत सर्वांत आधी धूर मारतो, आणि पंप कितीही चांगला असला तरी धुराला तो थांबवू शकत नाही. त्यासाठी वेळेवर वाजणारा अलार्म, जागा असलेला कर्मचारी, उघडणारे दार आणि सुरक्षित वायरिंग लागते. पंपाचे काम त्यापुढचे आहे: एका खोलीतली आग शेजारच्या वॉर्डात जाऊ न देणे आणि रुग्णांना बाहेर काढायला वेळ मिळवून देणे. ज्यांना स्वतः उठून चालता येत नाही, त्यांच्यासाठी हा वेळ म्हणजेच जीव.

हा वेळ आपल्याकडे अधिक लागतो. सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे 200 किलोमीटर दूर. मोठ्या आगीला शेजारच्या शहरातून जादा गाड्या मागवायच्या म्हटल्या तरी त्या तासाभरात पोहोचतील अशी अंतरे इथे नाहीत. मेरिडियन प्लाझाला रस्त्यावरच्या गाड्यांनी पाणी दिले. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला पहिला बराच वेळ स्वतःच्याच पंपावर काढावा लागेल. एकमजली आश्रमशाळेला किंवा छोट्या आरोग्य उपकेंद्राला मोठा पंप लागत नाही. तिथे अग्निशामक सिलिंडर, भरलेली टाकी आणि बाहेर उघडणारी दारे यांवर भर द्यावा. पण जिथे माणसे वरच्या मजल्यावर झोपतात, तिथे पंप आणि त्याची वीज हा इमारतीच्या पायाइतकाच आवश्यक भाग मानला पाहिजे.

पुस्तकाची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत: वीज कुठून घ्यायची, संरक्षण किती ठेवायचे, केबल कशी निवडायची, दुसरा स्रोत कोणता, पंपघर कुठे, आणि शेवटी देखभाल. शेवटचे प्रकरण लांब आहे, कारण बसवताना सगळे ठीक असलेली व्यवस्था बहुतेकदा नंतरच्या वर्षांत बिघडते: कोणी पंपाच्या पॅनेलमधून वॉटर कूलरला जोडणी घेतो, कोणी कटकट नको म्हणून सिलेक्टर स्विच ‘ऑटो’वरून काढून ‘ऑफ’वर ठेवतो. पॅनेलवर मराठीत ठळक पाटी हवी: ‘अग्निशमन पंप. आग लागल्यास हा स्विच बंद करू नये.’ आणि पंपाला पुरवठा आहे हे सांगणारा दिवा पंपघरात तसेच जिथे चोवीस तास माणूस असतो तिथेही जळत राहिला पाहिजे.

वाचकाने पुस्तक संपवण्याची वाट न पाहता एक काम करावे. आपल्या इमारतीत दिवस ठरवा, विद्युत पर्यवेक्षकाला आणि अग्निशमनच्या माणसाला एकत्र बोलवा. रुग्णालय असेल तर डॉक्टरांना विश्वासात घ्या, जीवरक्षक उपकरणांची सोय आधी लावा. मग मेन स्विच बंद करा आणि सर्वांत वरच्या मजल्यावरची नळी उघडा. पाणी जोराने आले आणि येतच राहिले, तर तारीख आणि दाब वहीत नोंदवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. आले नाही, तर कारण याच पुस्तकाच्या कोणत्यातरी प्रकरणात सापडेल, आणि ते दूर करायला लागणारी केबल, ब्रेकर आणि कुशल हात नागपूर-चंद्रपूरच्या बाजारात आणि आपल्याच गावात मिळतात. जानेवारी आणि जुलैच्या प्रमाणपत्रावर सही करण्याआधी एवढी एक चाचणी प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात झाली, तर या पुस्तकामागचे सगळे कष्ट सार्थकी लागतील.